भामरे मॅडमना समजलं नाही

कुणी न सांगता सहकाऱ्याचं काम आपणहून अंगावर घेणं, याला इंग्रजीत एक भारदस्त नाव आहे, हे उषाताई भामरेंना पन्नाशी उलटल्यावर जळगावच्या एका कार्यशाळेत कळलं. विषय होता प्राध्यापकांच्या व्यावसायिक क्षमता. पडद्यावर मोठं वर्तुळ होतं, वर्तुळातून बाण निघत होते, आणि पाहुणे सांगत होते की ज्या कॉलेजात अशी माणसं जास्त, ते कॉलेज पुढे जातं. उषाताईंनी ते नाव नीट उतरवून घेतलं आणि धुळ्याला घरी आल्यावर सासूबाईंना त्याचा अर्थ समजावून सांगितला. भिकुबाई मेथी निवडत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं, मान वर केली नाही.

"हाई व्हय? आपलाकडे त्याले लष्करन्या भाकरी भाजनं म्हंतस. तू तं कव्हयनी भाजी ऱ्हायनी."

खोटं नव्हतं. कॉलेजात रजेच्या अर्जावर एक ओळ असते: आपल्या गैरहजेरीत तास कोण घेणार, त्याची सही. ती सही मागण्याला स्टाफरूममध्ये 'अ‍ॅडजस्ट करणं' म्हणतात. कुणाच्या मेव्हण्याचं लग्न दोंडाईच्याला, कुणाची सासू चाळीसगावला घसरून पडलेली. माणूस अर्ज घेऊन सरळ उषाताईंच्या टेबलाशी यायचा. मॅडम, एवढं अ‍ॅडजस्ट करा ना. त्या सही करायच्या. विषय अर्थशास्त्र, पण त्यांनी भूगोलाचे तास घेतले होते, राज्यशास्त्राचे घेतले होते, आणि एकदा तर पावसात एन.सी.सी.ची परेडसुद्धा सांभाळली होती. इतिहासाचे गोपाल देवरे म्हणायचे, उद्या प्राचार्य रजेवर गेले तरी कॉलेजला पत्ता लागायचा नाही, भामरे मॅडम खुर्ची अ‍ॅडजस्ट करून टाकतील. हे म्हणताना बहुधा देवरे सरांच्या स्वतःच्या हातात अर्ज असायचा.

पण उषाताई नुसत्या सह्या करणाऱ्या बाई नव्हत्या. शिकवण्यात त्यांचा हात धरणारं कॉलेजात कुणी नव्हतं. कापसाचा हमीभाव असो की कांद्याची निर्यात, त्या असं सांगायच्या की मागच्या बाकावर डुलक्या घेणारा पोरगाही वही उघडायचा आणि शेजाऱ्याकडे पेन मागायचा. हे त्यांना ठाऊक होतं, आणि आवडतही होतं. माणूस कितीही साधा असला तरी एखाद्या गोष्टीचा ताठा त्याला हवा असतो. उषाताईंचा ताठा तेवढाच होता.

जूनमध्ये जळगावहून योगेंद्र सानप आला. नव्या धोरणात कला शाखेच्या मुलांना आणखी एक जोडविषय घ्यायचा होता, कॉलेजने त्यात संख्याशास्त्र ठेवलं, आणि ते शिकवायला योगेंद्रला तासिका तत्त्वावर घेतलं. म्हणजे जितके तास, तितकीच नोकरी. जळगावात मेहरूणला घर, रोज एरंडोल-पारोळ्यावरून बसने यायचं आणि संध्याकाळी परत जायचं. एम.एस्सी.ला सुवर्णपदक, नेट, सेट, परदेशी नियतकालिकांत निबंध. मुलाखतीच्या वेळी संस्थेच्या मंडळींनी त्याला फळ्यावर काहीतरी शिकवून दाखवायला सांगितलं. त्याने जे शिकवलं ते त्यांच्यापैकी एकालाही कळलं नाही, आणि म्हणूनच त्याची एकमताने निवड झाली. दोन वर्षं घरी बसून काढल्यानंतरचं त्याचं ते पहिलं काम होतं. बायको, सारिका, रोज दोन माणसांना पुरेल एवढा डबा द्यायची. नवीन जागी चार माणसं ओळखीची व्हावीत म्हणून. तो डबा तो एकटाच, मान खाली घालून संपवायचा.

त्याच्या वर्गात शिरपूरच्या पुढची, सातपुड्याच्या पायथ्याची मुलं होती, साक्री आणि शिंदखेड्याकडची होती. निम्म्यांनी दहावीला गणिताला रामराम ठोकूनच कला शाखा धरलेली. घरी कुणी पावरी बोलायचं, कुणी अहिराणी. पुस्तकातली मराठी हीच त्यांना परकी. आणि सर फळ्याकडे तोंड करून इंग्रजीत सूत्रं मांडायचे.

पोळ्याची सुट्टी संपली आणि हेमलता पावरा उषाताईंकडे आली. ही मुलगी वसतिगृहात राहायची, बोलायची कमी आणि वाचायची जास्त. तिने सांगितलं की सगळी तुकडी विषय बदलून घेणार आहे. हिंदीत जागा आहेत. घटस्थापनेच्या आधीच्या शनिवारपर्यंत मुदत आहे, त्या दिवशी सगळे मिळून अर्ज देणार. सर वाईट आहेत का, असं उषाताईंनी विचारलं. नाही, सर खूप हुशार आहेत, ती म्हणाली. रागावत नाहीत, वेळेवर येतात, तास बुडवत नाहीत. फक्त समजत काही नाही.

"मग विचारायचं ना, बाई."

"विचारलं होतं मॅडम. सर म्हणाले, हे तर अकरावीचं आहे. मग सगळे हसले." जरा थांबून ती म्हणाली, "त्यानंतर कुणीच नाही विचारलं."

उषाताईंनी मनातल्या मनात सगळी साखळी जुळवली. मुलं गेली की विषय बंद. विषय बंद की तास नाहीत. तास नाहीत की सानप सर नाहीत. आणि त्या पोराला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो आपला रोज जिल्हा ओलांडून येऊन फळा भरत होता.

त्यांना उपाय सुचला, आणि सुचला तेव्हा तो फार साधा वाटला. या वर्गात 'समजलं नाही' असं म्हणणारं पहिलं माणूस हवं. ज्याला कुणी हसणार नाही असं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला मोकळा तास बघितला, एक वही घेतली आणि संख्याशास्त्राच्या वर्गाच्या दाराशी उभ्या राहिल्या. बसू का सर, म्हणाल्या. योगेंद्र नाही कसं म्हणणार? त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

तासाच्या मध्यावर योगेंद्रने प्रमाण विचलनाचं सूत्र लिहिलं. म्हणजे आकडे सरासरीपासून किती लांब पसरलेत त्याचं माप. समजलं का, असं त्याने फळ्यालाच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढची ओळ लिहायला लागला. तेवढ्यात मागून आवाज आला, "सर, माले नई समजनं."

सगळी मुलं वळून बघायला लागली. भामरे मॅडम, आणि अहिराणीत. दोघंतिघं हसली, पण ते हसणं चांगलं होतं, पंखा सुरू झाल्यावर वर्गात येतं तसं. उषाताईंना वाटलं, जमलं. योगेंद्रच्या कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या. त्यावर येतो मॅडम, असं म्हणून त्याने आणखी तीन ओळी लिहिल्या, सगळ्या ग्रीक अक्षरांच्या.

पुढच्या तासाला तो जाडजूड पुस्तक घेऊन आला. उषाताईंनी पुन्हा सांगितलं, समजलं नाही. त्याने त्या सूत्राची सिद्धता मांडली. त्यानंतरच्या तासाला त्या म्हणाल्या की वर्ग करायचा आणि मग वर्गमूळ काढायचं, हे कशासाठी ते कळलं नाही. त्याने दोन परदेशी लेखकांची नावं सांगितली आणि या बाबतीत त्यांच्यात मतभेद आहेत असंही सांगितलं. तो घामाघूम व्हायचा. बोलणं सगळं इंग्रजीत गेलं होतं, आणि नजर वर्गाच्या डोक्यावरून थेट मागच्या बाकावर. उषाताईंना कळेना, साधा प्रश्न विचारला की उत्तर एक मजला वर का चढतं.

स्टाफरूममध्ये देवरे सरांना निमित्तच हवं होतं. काय मॅडम, रिपीटर म्हणून बसता म्हणे? परीक्षेचा फॉर्म भरलात का? उषाताई हसून सोडून द्यायच्या. पण त्याच देवरे सरांनी एकदा चहाच्या टपरीवर योगेंद्रच्या पाठीवर थाप मारून गंमत म्हणून सांगितलं होतं, जपून राहा, प्राचार्यांनी बाईंना बसवलेलं दिसतंय. ते उषाताईंना माहीत नव्हतं. खरं तर योगेंद्रला कुणी सांगायचीही गरज नव्हती. कॉलेजात ज्येष्ठ माणूस वही घेऊन मागच्या बाकावर बसला की त्याचा एकच अर्थ होतो: तुमचं निरीक्षण चाललंय आणि अहवाल वर जाणार आहे. उषाताईंनी स्वतः अशी निरीक्षणं कितीदा केली होती. मागचा बाकही हाच असायचा आणि वहीही अशीच. फक्त या वेळी त्यांच्या मनात ते नव्हतं, म्हणून दुसऱ्याच्या मनात असेल हे त्यांना सुचलं नाही.

काहीतरी बिनसतंय हे दाखवलं हेमलतानेच, जिन्यात गाठून.

"मॅडम, रागावणार नाही ना? तुम्ही येत नव्हता तेव्हा सर फळ्याशी बोलायचे. आता तुमच्याशी बोलतात."

"आणि तुमच्याशी?"

हेमलता नुसती हसली. मुलांचं ठरलंय मॅडम, म्हणाली. पुढच्या शनिवारी.

उषाताई जिन्यातच उभ्या राहिल्या. बुडणाऱ्याला हात द्यायला जावं आणि आपल्याच वजनाने त्याला खाली दाबावं, तसं झालं होतं. आणि हे असं होऊ शकतं हे जळगावच्या त्या वर्तुळात कुठल्याच बाणावर लिहिलेलं नव्हतं.

डबा खायच्या वेळी त्यांनी योगेंद्रला सायकल स्टँडमागच्या कडुनिंबाखाली गाठलं. त्याने डबा झाकला आणि उभा राहिला. त्या काही बोलायच्या आतच त्याने विचारलं, रिपोर्ट गेला का मॅडम? कसला रिपोर्ट, म्हणून त्या विचारात पडल्या, आणि मग एकदम सगळं लक्षात आलं. त्यांनी शपथेवर सांगितलं की रिपोर्ट वगैरे काही नाही, प्राचार्यांनी पाठवलेलं नाही, मुलं विचारायला लाजतात म्हणून मी आपली मुद्दाम विचारते. तो ऐकून घेत होता, पण त्याचा चेहरा हलत नव्हता. फुकट कोण कशाला कुणाच्या वर्गात जाऊन बसेल, हे त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. मग उषाताईंनी शनिवारचं सांगितलं.

"सगळी?" तो म्हणाला.

"हो."

"ती पहिल्या बाकावरची पावरासुद्धा?"

"तीसुद्धा."

तो खाली बसला. मग म्हणाला, "पण मी तर रोज आणखी तयारी करतोय मॅडम. बसमध्ये उभ्याने वाचतो." आवाज बदलला होता. "आणखी काय करू?"

त्या म्हणाल्या, "अरे भाऊ, माझ्याकडे बघून शिकवू नका. त्यांच्याकडे बघा."

"ते काही बोलतच नाहीत. बोलता ते तुम्ही. आणि तुम्ही काय विचारता? वर्ग करून पुन्हा वर्गमूळ का काढायचं. मॅडम, तुम्ही एवढी वर्षं अर्थशास्त्र शिकवता. तुम्हाला हे येत नाही, यावर मी विश्वास ठेवायचा?"

उषाताई उत्तर शोधायला गेल्या, तर ते जागेवर नव्हतं.

रविवारी दुपारी त्यांनी कपाटातलं जुनं पुस्तक काढलं. ते प्रकरण कोरं होतं. आधीच्या सगळ्या पानांवर पेन्सिलीच्या खुणा, तिथे नाहीत. बी.ए.ला त्यांनी ते ऑप्शनला टाकलं होतं. एम.ए.लाही. परीक्षेत पाचातले तीन प्रश्न सोडवायचे असले की एखादं प्रकरण सोडून देता येतं, अख्ख्या महाराष्ट्राने अशाच पदव्या घेतल्यात. पुढे नोकरीत ते प्रकरण आलं की त्या सूत्र लिहायच्या, एक तयार उदाहरण सोडवायच्या आणि म्हणायच्या, हे परीक्षेला एवढंच येतं. मुलांनी कधी विचारलं नाही. विचारणार कसं? भामरे मॅडमचं शिकवणं सगळ्यांना समजतं, हे तर ठरलेलंच होतं.

म्हणजे मागच्या बाकावर बसून जे सोंग चाललं होतं ते सोंग नव्हतंच. त्यांनी पुस्तक पुन्हा वाचलं. फरक काढा, वर्ग करा, बेरीज करा, भागा, वर्गमूळ घ्या. हात चालत होता, पण डोकं काही सोबत येत नव्हतं.

भिकुबाईंनी पलंगावरूनच विचारलं, "काय शोधी ऱ्हायनी?"

"आई, माले हाई येतच नई."

"आते? मंग इतला वरीस पोरेसले काय शिकाडं?"

"हाई सोडीन बठ्ठं."

हे सोडून बाकी सगळं, असं म्हणताना उषाताईंना स्वतःचंच हसू आलं. भिकुबाईंना यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही, पण त्या हसल्या.

सोमवारी उषाताई वर्गात गेल्या नाहीत. जायचंच कशाला, असं त्यांनी स्वतःला समजावलं. आपल्यामुळे बिघडतं, तर लांब राहावं. हे कारण चांगलं होतं आणि खरंही होतं. फक्त त्याच्या खाली दुसरं एक कारण दडलं होतं, आणि ते त्यांना पक्कं दिसत होतं. लुटुपुटूचं 'समजलं नाही' म्हणताना लाज वाटत नव्हती, उलट जरा रुबाबच वाटायचा. खरं म्हणायचं तर जीभ उचलेना. देवरे सरांच्या कानावर जाईल. आपल्याच तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या कानावर जाईल, ज्यांना आपण 'धुळे जिल्ह्यातील सरासरी पर्जन्यमान अमुक इतकं' हे वाक्य वर्षानुवर्षं मोठ्या तोऱ्यात लिहून दिलं. निवृत्तीला थोडकी वर्षं राहिलेली. आता कुठे ही हौस?

शनिवारच्या आधीचा शेवटचा तास गुरुवारी होता. उषाताई गेल्या. मागच्या बाकावर नाही बसल्या, तिथून फळा नीट दिसत नव्हता आणि आज त्यांना फळा दिसायला हवा होता. मधल्या रांगेत दोन मुलींनी सरकून जागा दिली.

योगेंद्रने त्यांच्याकडे बघितलं नाही. त्या दिवशी तो मराठीत बोलत होता, सावकाश, कुणीतरी मृत्युपत्र वाचून दाखवावं तसं. फरक काढला, वर्ग केला, बेरीज केली, भागलं, वर्गमूळ घेतलं. मग वर्गाकडे वळून विचारलं, समजलं?

हो सर, असं सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. शाळेत साहेब आल्यावर म्हणतात त्या सुरात.

"नाही," उषाताई म्हणाल्या.

"मॅडम, प्लीज," योगेंद्र हळूच म्हणाला. तो चिडलेला नव्हता, थकलेला होता.

उषाताई उभ्या राहिल्या. बाक आणि टेबल यांच्यामध्ये नीट उभं राहता येत नव्हतं. आज अहिराणी नव्हती. "सर, मी परवाच्यासारखं नाही विचारत. मी हे प्रकरण कॉलेजात असताना सोडून दिलं होतं. रविवारी घरी बसले, तरी नाही समजलं. मला वर्ग करता येतो, वर्गमूळ काढता येतं. पण वर चढायचं आणि परत खाली उतरायचं, तर चढलो कशाला, ते मला खरंच माहीत नाही."

कुणी हसलं नाही. मॅडमचा आवाज नेहमीचा नव्हता, हे मुलांना मोठ्यांच्या आधी कळतं.

योगेंद्रने सांगायला सुरुवात केली की गणिती सोयीसाठी असं करतात, वर्ग केल्याने काही गुणधर्म मिळतात. त्या ऐकत होत्या. त्याचं बोलून झालं. त्या म्हणाल्या, नाही समजलं. त्याने दुसऱ्या शब्दांत तेच सांगितलं. नाही समजलं. आता तो त्यांच्याकडे बघत होता, नीट, भिंगातून बघावं तसं. परीक्षा घेणारं माणूस असं उभं राहत नाही. बोटं वहीच्या कडेशी चाळा करत नाहीत. त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं, आणि त्याने खडू खाली ठेवला.

"म्हणजे बघा," उषाताई त्याला मदत करावी तशा म्हणाल्या, "धुळ्याहून जळगावला जायचं आणि जळगावहून परत धुळ्याला यायचं. मग गेलो कशाला?"

"मी रोज तेच करतो मॅडम."

हे त्याने विनोद म्हणून म्हटलं नव्हतं, त्याच्या तोंडून निघून गेलं. पण वर्ग हसला, तोही हसला, आणि हसता हसताच मध्ये थांबला. मग त्याने फळा पुसला. सगळा पुसला, सुवर्णपदकासकट.

"माझी सकाळची गाडी," तो म्हणाला. "मागच्या आठवड्यात सोमवारी दहा मिनिटं उशिरा आली. मंगळवारी दहा मिनिटं आधीच निघून गेली. बुधवारी वीस मिनिटं उशीर. गुरुवारी वीस मिनिटं आधी. उशीर अधिक धरा, लवकर उणे धरा. बेरीज?"

"शून्य," दोनतीन आवाज आले.

"सरासरी?"

"शून्यच."

"म्हणजे सरासरी बघितली तर माझी गाडी अगदी वेळेवर येते."

मागे जामसिंग म्हणून एक उंच मुलगा होता, तो जूनपासून त्या वर्गात पहिल्यांदा बोलला. "मग सर तुम्ही धापा टाकत का येता?"

"तेच!" योगेंद्र म्हणाला. "सरासरीला माझ्या धापा दिसत नाहीत. अधिक आणि उणे एकमेकांना खाऊन टाकतात. खाऊ द्यायचं नसेल तर?"

वर्ग केला. शंभर, शंभर, चारशे, चारशे. उणे कुठेच उरलं नाही. चारांनी भागलं, अडीचशे. अडीचशे काय, असं त्याने विचारलं. मिनिटं, मुलं म्हणाली. नाही, मिनिटांचा वर्ग केलाय, आता ही चौरस मिनिटं झाली. चौरस मिनिट कुणी बघितलंय? कुणी नाही. मग घरी या परत. वर्गमूळ. सोळाच्या जवळपास. साधी मिनिटं. एवढा माझ्या गाडीचा भरवसा नाही.

उषाताई खाली बसल्या होत्या आणि भराभर लिहीत होत्या. मध्येच त्यांचं लिहिणं थांबलं. उणं सोडायला वर गेलो, मिनिटं आणायला खाली आलो. एवढंच होतं. एवढ्यासाठी त्या इतकी वर्षं वाट वाकडी करून गेल्या होत्या. 'सरासरी पर्जन्यमान' हे वाक्य त्यांना आठवलं आणि साक्रीकडचं कोरडं रान आणि पुरातली पांझरा एकाच आकड्यात मावलेली दिसली, एकमेकांना खाऊन टाकणारी.

"सर," हेमलताने हात वर केला, अर्धाच. "उणं नकोच असेल तर ते चिन्ह सरळ पुसून टाकायचं. वर्ग कशाला करायचा?"

हे तर अकरावीचं आहे, असं योगेंद्रने म्हणणं शक्यच नव्हतं. तो तिच्याकडे असा बघत राहिला की जणू त्याला कुणीतरी नोकरी कायम झाल्याचं पत्र दिलंय. मग म्हणाला, पुसता येतं. तसंही एक माप आहे. तरी वर्गच का करतात याचं सोपं उत्तर आज माझ्याकडे नाही. विचार करून सांगतो. ते ऐकून उषाताईंनी हेमलताकडे वळून बघितलं. तो प्रश्नच त्यांना समजायला संध्याकाळ लागली.

बातमी अर्थातच स्टाफरूममध्ये त्यांच्या आधी पोचली. मॅडम, तुम्हाला प्रमाण विचलन येत नाही म्हणे, देवरे सर म्हणाले. येत नव्हतं, उषाताई म्हणाल्या. या एका 'नव्हतं'ने देवरे सरांची पुढची दोन वाक्यं वाया गेली. पण सगळंच इतकं सोपं गेलं नाही. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात एका मुलाने, सरळच विचारायचं म्हणून, विचारलं की मॅडम, आम्हाला शिकवलेलं बरोबर होतं ना? उषाताईंना ते लागलं. सूत्र बरोबर होतं, त्या म्हणाल्या, मीच अपुरी होते. आणि पर्जन्यमानाचं वाक्य त्यांनी खोडायला लावलं. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, हे तुम्ही वार्षिक मूल्यमापनात मार्गदर्शन म्हणून दाखवा, गुण मिळतील. मार्गदर्शन त्याने केलं सर, मी विद्यार्थिनी होते, असं त्या म्हणाल्या. विद्यार्थिनी असण्याला गुण कुठल्या रकान्यात द्यायचे ते प्राचार्यांनाही सापडलं नाही.

शनिवारी उषाताई कार्यालयाच्या आसपास उगीचच फिरत राहिल्या. चारपाच मुलं हिंदीला गेली. कापूस वेचायला गावी गेलेली दोघं आलीच नाहीत, म्हणून राहिली. बाकी तुकडी जागेवर होती, विषय टिकण्यापुरती. हेमलता जिन्यात भेटली.

"समजायला लागलं का गं?" उषाताईंनी विचारलं.

"सगळं नाही मॅडम." ती खरं बोलणारी मुलगी होती. "पण सर आता थांबतात."

उषाताईंना हे थांबणं काय ते नवरात्रानंतरच्या पहिल्या तासाला कळलं. आता त्यांना तिथे बसायचं खरं म्हणजे काही कारण नव्हतं. पुढचं प्रकरणही आपण ऑप्शनला टाकलं होतं, असं त्यांनी योगेंद्रला सांगितलं आणि तो दारातून बाजूला सरकला. त्या दिवशी सहसंबंध होता. पाऊस आणि पीक, दोन आकडे एकमेकांचा हात धरून चालतात की नाही ते बघायचं. योगेंद्रने उदाहरण मांडलं, खडू ठेवला, वर्गाकडे तोंड केलं, आणि थांबला. समजलं का, असं विचारलंही नाही. हात मागे बांधून नुसता उभा.

वर्ग शांत होता. एक मिनिट फार मोठं असतं. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती होत नव्हती. उषाताईंच्या शेजारच्या मुलीने सूत्राखाली पेन ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. तिला समजलं नव्हतं, ते तिच्या पेनवरून दिसत होतं. योगेंद्रची नजर रांगांवरून फिरत फिरत उषाताईंपर्यंत आली आणि तिथे जरा रेंगाळली, सवयीने.

पण उषाताईंना या वेळी समजलं होतं. विचारायचं म्हटलं तर आता सोंग करावं लागलं असतं. जिभेच्या टोकावर 'मला समजलं नाही' हे तीन शब्द आयते तयार होते, त्या पोरीसाठी, त्याच्यासाठी, त्या शांततेसाठी. आयुष्यभराची सवय होती ती. कुणाचं काही अडलं की यांचा हात आधी पुढे. त्यांनी वहीवर दोन्ही हात ठेवले, खिडकीबाहेर बघितलं आणि तोंड मिटून बसल्या. अवघड गेलं.

स्कूटर सुरू झाली आणि निघून गेली.

"सर," शेजारची मुलगी म्हणाली, "ते शेवटचं... परत सांगा ना."